प्रमाणपत्र देणाऱ्यास प्रमाणपत्र कोणाचे?

हाउन्सलोच्या दुकानात नाशिकची द्राक्षे घेताना आपण फवारणीच्या औषधाचा विचार करीत नाही. कोणीतरी तपासलेच असेल, असे धरून चालतो. हा विश्वास येतो कोठून, याविषयी चार शब्द लिहितो.

निर्यातीपूर्वी द्राक्षांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. ती प्रयोगशाळा कामास लायक आहे की नाही, हे भारतात ‘एनएबीएल’ ही संस्था पाहते. इकडे तेच काम १९९५ साली स्थापन झालेली ‘यूकास’ करते. तिची कचेरी कित्येक वर्षे आपल्याच फेल्टमच्या हाय स्ट्रीटवर होती. पण ती पाटी आपल्यापैकी किती जणांनी वाचली असेल? बरे, या संस्थांना कोण तपासतो? त्यांच्यावर कोणी बडा साहेब नाही. २००० साली वॉशिंग्टन येथे निरनिराळ्या देशांच्या अशा संस्थांनी परस्पर मान्यतेचा करार केला. एका देशाचे जाणकार दुसऱ्या देशाची संस्था तपासतात, आणि उद्या त्यांच्याही दारात परके तपासनीस येऊन उभे राहतात. बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांवर मॉडरेटर असत, तसेच हे. मात्र येथे प्रत्येक जण कधी मॉडरेटर, तर कधी मास्तर.

तरीही कुंपणानेच शेत खाल्ले तर, ही शंका उरतेच. २०१० साली भारतीय द्राक्षे युरोपात अडली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट हे रसायन सापडले. तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. म्हणजे प्रयोगशाळा खोटे बोलल्या असे नव्हे; तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. प्रमाणपत्र हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते, त्यापलीकडे काही नाही.

आम्हां बेने इस्रायल लोकांस हा विषय परका नाही. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने आपल्या विवाहांच्या बाबतीत मागील पिढ्यांची चौकशी करण्याची सूचना काढली. आपल्या बांधवांनी आंदोलन केले, क्नेसेटला लक्ष घालावे लागले, आणि १९६४ साली त्या सूचनेतून आपले नाव निघाले. चौकशी होणे हा अपमान आहे, असे आम्ही मानीत नाही. पण ती एका समाजाचे नाव घेऊन झाली, आणि विचारणाऱ्यास उलट विचारण्याची सोय कोठेच नव्हती. तेवढी सोय असती, तर आपल्या वडीलधाऱ्यांनी आपली कागदपत्रे आनंदाने पुढे केली असती, असे आम्हांस वाटते.