पाठ केलेलं खेडं

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात मराठी विषय घेऊन बी.ए. करणारी मुलगी 'बहिणाबाईंच्या कवितेतील ग्रामीण जीवन' हे उत्तर गाइडमधून पाठ करते, तेव्हा मोठी विसंगती घडत असते. तिची आई कापूस वेचायला जाते, घरात अहिराणी नाहीतर तावडी बोलली जाते. आणि तरीही स्वतःचं गाव तिला मुद्द्यांच्या यादीतून शिकावं लागतं.

बहिणाबाई चौधरी (1880–1951) याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी उतरून ठेवलेल्या त्यांच्या ओव्यांचा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली निघाला, आणि आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. शेतातली कविता अशी अभ्यासक्रमापर्यंत पोचली. अभ्यासक्रम शेतापर्यंत कसा पोचावा, हा प्रश्न मात्र आपण विद्यार्थ्यांवर सोडून दिला आहे.

त्यासाठी लागणारी साधनं वर्गात असतात. रशियन समीक्षक श्क्लोव्स्कीने 1917 साली मांडलं की सवयीमुळे वस्तू दिसेनाशा होतात आणि कला त्या पुन्हा अनोळखी करून दाखवते. पाचोऱ्याच्या मुलीपुढची अडचण याहून बिकट आहे. तिचं जगणं सवयीने तर झाकलं जातंच. शिवाय हे काही अभ्यासाचं नव्हे, अशी तिची समजूतही करून दिलेली असते. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 1963 साली 'कोसला'तून हीच समजूत मोडली. पुण्यात शिकून गावी परतणाऱ्या पांडुरंगाचं साधं, रोजचं जगणं कादंबरीचा ऐवज ठरलं.

म्हणून दिसेल त्या गोष्टीचं साहित्य करायचं का? इथे संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टनायकाचा साधारणीकरणाचा विचार सावध करतो. भावना व्यक्तीच्या खासगी सुखदुःखापासून सुटी झाल्याशिवाय तिचा रस होत नाही. नाटकातला शोक आस्वादता येतो. बोंडअळीने पीक गेलेल्या बापाचा शोक घरात शोकच असतो. त्याला 'करुण रस' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ना रस कळला, ना बाप. सिद्धांत जगण्याला लावताना तो कुठे लागू पडत नाही, हेही कळावं लागतं.

मग तो लागू पडतो कुठे? कापसाच्या खरेदी केंद्रावर जाऊन बघावं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते, बाराच्या वर गेला तर माल घेत नाहीत. मापक यंत्र कापसातला ओलावा सांगतं. पण तो पहाटेच्या दवाचा की वेचणीच्या घाईचा, आणि घाई का झाली, कोणाचं देणं अंगावर होतं, हे पावतीवर येत नाही. कादंबरी शिकताना निवेदक कोण, त्याला किती दिसतं, त्याने काय गाळलं, हे आपण विचारतो. तेच प्रश्न पावतीला लावले तर कळतं की तीही एक गोष्टच सांगते, आणि ती वजनकाट्याच्या बाजूने उभं राहून सांगितलेली असते. यात पावती खोटी ठरत नाही; अपुरी ठरते. एवढं कळलेला मुलगा बापाला निदान नेमका प्रश्न विचारायला मदत करू शकतो.

मराठीच्या वर्गात अंतर्गत गुणांसाठी असा एखादा कागद वाचायला द्यावा: बाजार समितीची हिशेबपट्टी, बँकेची नोटीस, लग्नाची पत्रिका. पत्रिकेत कोणाचं नाव वर आहे आणि कोणाचं आलेलंच नाही, हे निवेदनशास्त्राचं चांगलं प्रात्यक्षिक होईल. मग त्याच नजरेने पुन्हा बहिणाबाईंकडे यावं. तेव्हा 'ग्रामीण जीवन' हा मथळा तोकडा वाटू लागेल, कारण राबणाऱ्या बाईने आतून सांगितलेलं आणि बाहेरच्याने वर्णन केलेलं यांतला फरक आता ओळखता येत असेल.

'मराठी घेऊन काय करशील?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो रास्त आहे. नोकरीची हमी हा विषय देत नाही. पण सही करण्याआधी कागदाचा बोलविता धनी कोण, हे ओळखण्याची सवय तो लावू शकतो. गाइडने तेवढंही होत नाही.