उजवी खुर्ची

विमानात चढताना कधी कधी कॉकपिटचं दार उघडं असतं. आत उजव्या खुर्चीवर बसलेला मुलगा किंवा मुलगी ओझरती दिसते आणि तो चेहरा बावीस-तेविशीचा असला, की आपल्या मनात नको ते हिशेब सुरू होतात. आपल्या बायका तर उघडच बोलतात, "अगं बाई, हा चालवणार विमान? याला अजून घरी आई ताट वाढून देत असेल." हसून आपण पुढे सरकतो, पण पट्टा बांधला तरी प्रश्न सुटत नाही. दीडशे-पावणेदोनशे जिवांचा भार इतक्या कोवळ्या हातात द्यावा का?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना वयाच्या १८व्या वर्षी आणि २०० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतो. बारामती, गोंदिया अशा ठिकाणी ही मुलं लहान विमानांवर शिकतात. नंतर एखाद्या मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण होतं, त्यातलं बरंचसं जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये. आणि मग ती उजव्या खुर्चीवर येऊन बसतात. डाव्या खुर्चीवर कॅप्टन. तिथं पोचायला १,५०० तासांचा वरचा परवाना लागतो, पुन्हा परीक्षा लागतात. म्हणजे कमी तासांचं पोर एकटं विमान नेत नाही, त्याच्या शेजारी कुणीतरी असतं. गंमत अशी, की या विषयावर भांडणारे दोन्ही पक्ष नेमकं त्या शेजाऱ्यालाच विसरतात. एक म्हणतो, तास वाढवा. दुसरा म्हणतो, बसूच दिलं नाही तर तास वाढणार कुठून?

अमेरिकेनं तास वाढवून पाहिले. २००९च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, ५० माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी नेटानं पाठपुरावा केला, २०१०मध्ये कायदा झाला आणि २०१३पासून तिथं उजव्या खुर्चीलाही साधारण १,५०० तास लागू लागले. त्या कुटुंबांच्या दुःखापुढे मान लवते. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या विमानातल्या दोघाही वैमानिकांचे तास १,५००च्या बरेच वर होते. वेग कमी होतोय हे वेळीच लक्षात आलं नाही, थकवा होता, आणि धोक्याचा इशारा मिळाल्यावर हातून उलटीच कृती झाली. दुखणं एक होतं आणि औषध दुसऱ्याच दुखण्याचं निघालं. असं का होतं? कारण तास मोजता येतात. सावधपणा मोजायचा कसा, हे कुठल्या कायद्याला सांगता येणार?

आणि तास तरी किती खरे असतात? वैमानिकांच्या जगात न उडता वहीत लिहिलेल्या तासांना 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. विनोद जुना आहे, पण २०११मध्ये आपल्याकडे तो विनोद उरला नाही. त्या जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या, नाकाकडच्या चाकावर आधी टेकलं. चौकशीला सुरुवात झाली आणि वैमानिकाची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग एकेक करत आणखी परवाने तपासले गेले, आणखी खोटे कागद सापडले. हे झालं खोट्या तासांचं. खऱ्या तासांचंही बघा. लांबच्या प्रवासात ऑटोपायलट लावून रात्रभर आकाशात सरळ जाणं हेही तासच, आणि वादळी पावसात लहानशा धावपट्टीवर सहा वेळा उतरणं हेही तासच. वहीत दोन्हींचा आकडा सारखाच पडतो. स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढूनही काहींचा भात रोज तसाच खाली लागतो, हे आपण पाहिलेलं असतं. वर्षं गेली म्हणजे अनुभव आला असं नसतं. काही वेळा एकच वर्ष चाळीसदा गेलेलं असतं.

आता आपल्या किनाऱ्यावरच्या दोन घटना सांगते.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी मंगळूरला उतरताना धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेलं. १६६ जणांतले ८ वाचले. कॅप्टनच्या गाठीला दहा हजारांवर तास होते. उजव्या खुर्चीवरच्या सहवैमानिकाकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, हे चौकशीत निघालं. विमान फार उंचावरून, चुकीच्या कोनात खाली येत होतं. सहवैमानिकानं तीन वेळा सांगितलं, "गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडा, विमान पुन्हा वर घ्या. यंत्रही ओरडत होतं. कॅप्टननं ऐकलं नाही.

७ ऑगस्ट २०२०. त्याच कंपनीचं विमान, कोझिकोड, धो धो पाऊस. धावपट्टी पुन्हा टेकडीच्या माथ्यावरची. कॅप्टन होते नागपूरचे दीपक साठे, हवाई दलातून आलेले, मानाची तलवार मिळवलेले, दहा हजारांवर तासांचे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती, माझ्याही नाही. विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलं. सहवैमानिकानं इथंही "गो-अराउंड" म्हटलं होतं. दोघेही गेले, एकंदर २१ जीव गेले.

दोन्ही वेळा कमी तासांच्या माणसाला बरोबर दिसलं होतं, आणि त्यानं ते तोंडानं सांगितलंही होतं. सांगून काही झालं नाही. मंगळूरच्या चौकशी अहवालात एक बाब आहे, ती मला साऱ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. सहवैमानिकानं स्वतः ताबा घेऊन विमान वर न्यावं की नाही, याविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या. म्हणून बहुधा तो बोलत राहिला, पण त्यानं हात घातला नाही. वाचताना अंगावर काटा येतो. समोर दरी दिसते आहे, आणि शेजारी आपल्याहून तिप्पट अनुभवाचा माणूस बसला आहे. त्याच्या हातातून ताबा घ्यायचा? तो बरोबर निघाला तर? उद्या कुठं उभं राहायचं? आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत आपण मुलांना आयुष्यभर हेच शिकवतो ना, की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये? ते शिकवणं घेऊनच मूल कॉकपिटमध्ये बसतं.

हा विषय मनात घोळत असताना मी जोयडा तालुक्यात नंदिगड्डेला गेले होते. विमानतळाचा तिथं काही संबंध नाही; चारी बाजूंनी रान आणि रानातल्या खोलगटीत पोफळीच्या बागा. पावसाळ्यात सुपारीवर कोळे रोग येतो, फळं कुजून गळतात, म्हणून मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण घडांवर फवारावं लागतं. ते करायला माणूस झाडावर चढतो. पोफळ म्हणजे हाताच्या कवेत मावेल एवढं खोड आणि वर तीन-चार मजल्यांची उंची, त्यात पावसानं शेवाळलेली. चढणारी जुनी माणसं आता थकली. नवी पोरं गोव्याला, बेळगावला नोकऱ्या धरतात. बागाईतदारांची काळजी अगदी विमान कंपन्यांसारखीच: जुने संपत आले, नवे कच्चे.

ज्या बागेत मी होते तिथं एक साठीकडे झुकलेला गडी होता आणि त्याच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याचा तो दुसराच पावसाळा. म्हातारा एका झाडाला दोरी लावत होता. पोरगा शेजारी उभा होता, त्यानं खोडावर मुठीनं दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "मामा, हे पोकळ वाजतंय." म्हाताऱ्यानं कान लावला. मला वाटलं, आता तो म्हणेल, गप रे, तू जन्मायच्या आधीपासून चढतोय. त्यानं दोरी सोडली आणि पुढच्या झाडाकडे गेला. एवढंच झालं. नंतर ओसरीवर बसल्यावर मी त्याला विचारलं, "खरंच पोकळ होतं का?" तो म्हणाला, "बाई, मला काही तसं वाजलं नाही. पण त्याचे कान तरणे आहेत. आणि आज मी त्याला गप्प केलं असतं, तर उद्या खरं पोकळ झाड असलं तरी तो बोलला नसता."

मला वाटतं, या वादात जे हवं आहे ते या उत्तरात आहे. त्या म्हाताऱ्याचे चाळीस पावसाळे झाडावर चढण्यात गेले, पण त्याचा अनुभव मला दोरी सोडण्यात दिसला. पोराच्या शब्दाला जागा देता येईल इतकी त्याची स्वतःविषयी खात्री होती. ज्याचा अनुभव कच्चा असतो त्यालाच दर वेळी आपला अनुभव काढून दाखवावा लागतो.

आमच्या आगमांत, उपासकदशांगात, आनंद श्रावकाची कथा येते. आनंद हा गृहस्थ, वाणिज्यग्रामाचा व्यापारी. त्याला दूरवरचं जाणण्याचं अवधिज्ञान झालं, असं त्यानं गौतम गणधरांना सांगितलं. गौतम म्हणजे भगवान महावीरांचे पट्टशिष्य. त्यांना ते पटेना. गृहस्थाला एवढं ज्ञान कसं होईल? त्यांनी आनंदाला प्रायश्चित्त घ्यायला सांगितलं. आनंदानं नम्रपणे विचारलं, प्रायश्चित्त खरं बोलणाऱ्यानं घ्यायचं का? गौतम महावीरांकडे गेले. महावीर म्हणाले, आनंदाचं खरं आहे; तू जाऊन त्याची क्षमा माग. आणि गौतम गेले. लहानपणी ही कथा ऐकताना मला आनंदाच्या ज्ञानाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं ते गौतमांच्या परत जाण्याचं. एवढ्या मोठ्या माणसाला त्या वाटेनं उलटं चालत जाणं किती जड गेलं असेल, किंवा मोठा म्हणूनच गेलं नसेल. आणि आनंदाचंही बघा. समोर कोण उभं आहे हे माहीत असून तो गप्प बसला नाही, आणि उद्धटही झाला नाही. दोघांनाही आपापलं काम जमलं.

लहान वय म्हणजे कच्चेपण असं धरून चालणाऱ्यांनी आपल्याच देशातली एक नोंद पाहावी. नोव्हेंबर १९८५मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता–सिलचर मार्गावर फोकर विमान नेलं, सगळ्या कर्मचारी स्त्रियाच. त्यांच्या शेजारी उजव्या खुर्चीवर निवेदिता भसीन होत्या, वय बावीसच्या आसपास. त्याच निवेदिता १९९०मध्ये, २६व्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. बावीस ते सव्वीस या चार वर्षांत त्यांनी किती तास भरले हे वहीत सापडेल. पण त्या वयाच्या मुलीवर विश्वास टाकणारं कुणीतरी डाव्या खुर्चीवर बसलं होतं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? बायकांना हे लवकर कळतं. 'तुला अनुभव नाही' असं सांगून ज्यांना अनुभवापासूनच दूर ठेवलं गेलं, त्यांना या वाक्यातली खोच कळायला वेळ लागत नाही.

याचा अर्थ कंपन्यांना मोकळं सोडावं असा नाही. पोरं घ्या, पण का घेता ते खरं सांगा. तरुण घ्यायचं कारण ते स्वस्तात मिळतात एवढंच असेल, तर ते पाप आहे. मी हा शब्द विचार करूनच वापरते आहे. शिकण्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या वर सहज जातो. आईबाप घर किंवा जमीन गहाण टाकतात, आणि डोक्यावर एवढं कर्ज घेऊन उजव्या खुर्चीवर बसलेलं पोर डाव्या खुर्चीला 'नाही' म्हणेल अशी आपण अपेक्षा करतो. आणि डाव्या खुर्चीचं तरी काय? कोझिकोडच्या अहवालात असंही आहे, की त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते आणि साठ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान न्यायचं होतं. तिथंच उतरण्याच्या ओढीमागे ते एक कारण असू शकतं. माणसं कमी ठेवायची, त्यांची झोप ओढाताणीत घालवायची आणि अपघात झाला की तासांचा हिशेब काढायचा, हे न्यायाचं नाही. आमच्याकडे हिंसेच्या मुळाशी प्रमाद मानला आहे, म्हणजे बेसावधपण. थकलेल्या माणसाच्या बेसावधपणाचा वाटा त्याला थकवणाऱ्याकडेही जातो.

म्हणून मला कुणी विचारलं, की पोराचे किती तास असले म्हणजे तू निर्धास्त बसशील, तर मी आकडा सांगणार नाही. मी विचारेन: याच्या शेजारी कोण बसतं? तो शेजारी काल नीट झोपला होता का? आणि यानं "थांबा" म्हटलं तर कंपनी, कॅप्टन आणि नियम, तिघंही याच्या बाजूला उभे राहतील का? नवशिक्याच्या हातून कुणाला तरी प्रवास करावाच लागतो. आज ज्यांना आपण जुने-जाणते म्हणतो, त्यांच्या पहिल्या प्रवाशांनी तो करून ठेवला म्हणून ते जाणते झाले. ते ऋण आपल्यावर आहे, आणि ते फेडायचं तर आपणही कुणाचे तरी पहिले प्रवासी व्हायला हवं. फक्त त्याला एकटं सोडलेलं नसावं.

यात आपला, प्रवाशांचाही वाटा आहे. विमान जमिनीच्या अगदी जवळ येतं, झाडं-घरं दिसू लागतात, आणि एकाएकी इंजिनं गरजतात, विमान पुन्हा ढगात जातं. लगेच कुरकुर सुरू होते. कुणी घड्याळ बघतं, कुणी म्हणतं, "यांना साधं उतरवता येत नाही!" उशीर झाला म्हणून खाली उतरल्यावर कर्मचाऱ्यांशी भांडणारेही असतात. त्या वेळी पुढे बंद दाराआड काय झालं, ते आपल्याला कळत नाही. कदाचित उजव्या खुर्चीवरचं एक बावीस-तेवीस वर्षांचं पोर धीर करून काही बोललं असेल, आणि डाव्या खुर्चीवरच्या पांढऱ्या केसांच्या माणसानं ते ऐकलं असेल. अशा वेळी आपण तरी गप्प बसावं. अर्धा तास उशिरा पोचलो तर घरी सांगावं, आज माणसं चांगली भेटली.