सप्ताहाच्या मांडवातले ओले गोणपाट

ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. तिथवर पोचण्याआधी दोन्ही पालख्या शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावरून पुढे जातात. 1907 पासून शेती शिकवत आलेली ही संस्था आणि शेतकऱ्यांचा एवढा मोठा मेळा इतक्या जवळून एकमेकांना ओलांडतात, पण आपल्या मनात त्यांचे खण वेगळे आहेत. एक धर्म, दुसरा धंदा. गावातही हीच वाटणी दिसते. अखंड हरिनाम सप्ताह जवळ आला की मांडव पडतो, वर्गणी जमते, घरोघरच्या भाकरी पंगतीला येतात. शेतकऱ्यांनी शेतातच शिकायच्या शेतीशाळेची तारीख मात्र कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकून दिलेली असते, ज्याला जमेल तो जातो. ही वाटणी वारकरी विचाराला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. काम हीच पूजा असेल, तर ते काम नीट शिकून घेणे हाही त्या पूजेचाच भाग ठरतो. सप्ताहाला जाणे पुण्याचे आणि शेतीशाळेला जाणे नुसते सोयीचे, हा भेद मग टिकत नाही.

शेतीचे काम पूजा ठरते का, याचे उत्तर वारकरी संप्रदायाने सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. परंपरा सांगते की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. आपल्या वाफ्यातल्या भाजीपाल्यात आणि मोटेच्या पाण्यात त्यांनी विठ्ठल पाहिला. वारी हाच ज्या पंथाचा प्राण, त्याने वारीला न जाणाऱ्या माळ्याला संतपदावर बसवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामागे शेतीच्या वेळापत्रकाची पक्की जाण आहे. वारी चंद्राच्या तिथीने चालते, पेरणी सूर्याच्या नक्षत्राने. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो, आषाढी एकादशी मात्र पुढेमागे सरकते. 2023 साली ती 29 जूनला होती, 2026 च्या पंचांगात अधिक ज्येष्ठामुळे ती 25 जुलैला येते. एखाद्या वर्षी पेरण्या उरकून टाळ हातात घेता येतो. एखाद्या वर्षी मृग लागतो न लागतो तोच आळंदीहून प्रस्थान होते आणि घरातल्या कुणाला तरी वापसा धरण्यासाठी मागे राहावेच लागते. त्या मागे राहिलेल्याची वारी चुकली असे संप्रदाय म्हणत नाही. आता देव जर त्या वाफ्यातच उभा असेल, तर वाफ्याला पाणी किती द्यायचे, बी किती खोल पडले पाहिजे, ओल किती झाल्यावर पाभर धरायची, हे जाणून घेणे म्हणजे त्या देवाची सेवा कशी करायची ते जाणून घेणे.

यावर पहिला आक्षेप भक्तीच्या अंगाने येईल. देव भावाचा भुकेला असतो, त्याला कौशल्य लागत नाही. अडाण्याने वाहिलेले पानही त्याला चालते, मग शास्त्र शिकण्याची अट कशाला? देवघरापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे चुकले तर फक्त माझे चुकते. शेतात तसे नसते. तिथल्या प्रत्येक कामात दुसऱ्या कुणाचा तरी जीव गुंतलेला असतो: शेजाऱ्याची विहीर, बांधावरचे गवत खाणारी जनावरे, रोजाने आलेली माणसे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या कष्टात आणि भावात काय कमी होते? दोन औषधे एकत्र केल्याने काय होते, डोक्याच्याही वर गेलेल्या पिकात फवारणी कशी करायची, तोंडावर नुसता रुमाल का पुरत नाही, हे त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचायला हवे होते. ते न पोचल्याचा दोष मेलेल्यांवर टाकणे हा अन्याय होईल. पण ज्ञान पोचवणे हे धर्मकार्य नव्हे असे म्हणणाऱ्याने या मृत्यूंकडे पाहून ते पुन्हा म्हणावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, आणि शेतीशाळेत तर सारी चर्चा एकरी उताऱ्याचीच. मग तिला साधना कसे म्हणायचे? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला टिळकांचा ‘गीतारहस्य’ 1915 साली पुण्यात प्रसिद्ध झाला, तो याच पेचाशी झुंजतो. गीता कर्म सोडायला सांगत नाही, ते निष्काम बुद्धीने करायला सांगते, हे त्यांचे प्रतिपादन. मला त्यापुढे जाऊन एवढेच म्हणायचे आहे की फळाची आसक्ती सोडणे म्हणजे कामातला नेटकेपणा सोडणे नव्हे. खुद्द गीता योग समजावताना कौशल्याचा शब्द वापरते. उलट फळाच्या मागे धावणाराच शिकायला तयार नसतो. त्याला गुण येणारे एखादे टॉनिक हवे असते, भरमसाट खत टाकून लगेच हिरवेगार दिसणारे पीक हवे असते. माती तपासायला द्यायची, अहवालाची वाट पाहायची आणि त्यात जेवढे सांगितले तेवढेच खत द्यायचे, याला संयम लागतो. पाऊस हातात नाही हे पुरते उमजलेला शेतकरीच आपल्या हातातल्या गोष्टी जीव ओतून करतो. निष्काम कर्माचा याहून जवळचा अर्थ मला तरी सापडलेला नाही.

तिसरा आक्षेप अगदी उलट्या दिशेने येतो आणि त्याचे घर पालखीच्या मुक्कामापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत शेतकरी कसा नागवला जातो याचा हिशेबच त्यांनी मांडला. त्यांच्या बाजूने कुणी विचारील, की ज्ञानाला धर्माच्या मांडवात पुन्हा कशाला नेता? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण फुल्यांनी त्याच पुस्तकात उपायही सुचवले. शेतात पडलेले पाणी शेतातच मुरेल असे बांध घालावेत, दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, पुढे आश्विनात शेतपिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. म्हणजे महिने त्यांनी पंचांगातलेच धरले आणि माणसे एकत्र येण्याची ओढही ओळखली, फक्त त्या एकत्र येण्याला विद्येचे काम दिले. आज मोशीला डिसेंबरात भरणारे किसान प्रदर्शन असो की बारामती-नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांची प्रात्यक्षिके, ती त्या सूचनेची उशिरा आलेली फळे आहेत. मला देवाच्या नावाने बियाण्याला प्रमाणपत्र द्यायचे नाही. जिथे गाव आपणहून जमते, ती जागा विद्येला मोकळी असावी, एवढेच मागायचे आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता, कर्ज, दारू आणि पोरांची शाळा यांवर गावाला बोलते केले, तेव्हा कीर्तन बाटले नाही.

राहतो तो बाजाराचा प्रश्न. कार्यशाळेचा मांडव पुष्कळदा औषध किंवा बियाणे विकणाऱ्याच्या खर्चाने उभा राहतो, आणि बाहेरचा तज्ज्ञ गावाच्या जुन्या शहाणपणाला गावंढळ ठरवून जातो. हे घडते. म्हणूनच कसोटी हवी, आणि ती अशी असावी: सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला आपल्या हाताने पडताळता येते का? शेतीशाळेची पद्धत 1989 साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्ताने रुजली. शेतकरी दर आठवड्याला खाचरात उतरून किडी मोजत आणि त्यांना खाणारे कोळी-ढालकिडेही मोजत, मग फवारायचे की नाही ते आपले आपण ठरवत. तिथे विक्रेत्याला जागाच उरत नव्हती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साठीची पद्मश्री मिळाली ती घरच्या गावरान बियाण्यांसाठी. ते ज्ञान बाहेरून आलेले नव्हते, पण शिकवता आणि पडताळता येण्याजोगे होते. इथेच एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी. सप्ताहाच्या श्रवणाला बायका मोठ्या संख्येने असतात. शेतीशाळेचे आमंत्रण मात्र पुष्कळदा सातबाऱ्यावरचे नाव पाहून जाते, आणि बी निवडणारे, राख लावून ठेवणारे, खुरपणारे हात घरीच राहतात. दोन मेळे एकत्र आले, तर ही चूकही आपोआप दुरुस्त व्हायला लागेल.

हे मेळे एकत्र कसे आणायचे, यासाठी सोयाबीनचे उदाहरण घ्या. या बियाण्याचे साल फार पातळ. पोती उंचावरून आदळली किंवा थप्पी उंच लागली तरी उगवण घटते. 2020 च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. त्यावर घरच्या घरी करायची परीक्षा अशी: धुतलेले गोणपाट ओले करायचे, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत, न निवडता सरसकट घेतलेले 100 दाणे मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून अलगद गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने उघडायचे. धडधाकट मोड आलेले दाणे 70 किंवा अधिक निघाले, तर नेहमीप्रमाणे एकरी 30 किलो पेरायचे, कमी निघाले तर त्या मानाने बी वाढवायचे, फारच कमी निघाले तर ते बी पेरायचेच नाही. सप्ताहही सातच दिवसांचा असतो. मृगाच्या आधी जिथे जिथे सप्ताह बसतात, तिथे पहिल्या दिवशी वीणा उभी राहताना घरोघरच्या बियाण्याच्या गुंडाळ्या, ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावून, सभामंडपाच्या एका कडेला ठेवाव्यात. पहाऱ्यावर उभा असलेल्याने त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. काल्याच्या कीर्तनानंतर, पंगत बसण्याआधी, त्या सगळ्यांसमोर उलगडाव्यात आणि गावाने मोड मोजावेत.