सेनापतीचे रेशीम

खुरासानात सामानी अमिरांच्या राज्यात अबू मन्सूर बख्तकीन नावाचा एक तुर्क सेनापती होता. मोठा माणूस. त्याच्यासाठी कुणा विणकराने रेशमात समोरासमोर उभे हत्ती विणले, काठाला दोन मदारींच्या उंटांची रांग विणली आणि हत्तींच्या पायाखाली अरबी अक्षरांत एक ओळ विणली: सेनापती अबू मन्सूर बख्तकीनला मान मिळो, त्याची भरभराट होवो, देव ती चिरकाळ टिकवो.

ही अक्षरे कापड तयार झाल्यावर भरलेली नव्हेत. ताण्यातून रंगीत बाण्याचा एकेक धागा जात असतानाच ती कापडासोबत घडली. धागे मोजण्यात चूक झाली तर सेनापतीचे नावच बिघडायचे. इतक्या निगुतीने विणलेला आशीर्वाद होता तो.

पण ९६१ साली अमीर अब्दुल मलिकच्या हुकमाने बख्तकीनला ठार मारण्यात आले. त्याच वर्षी तो अमीरही घोड्यावरून पडून मेला. मारणारा गेला, मरणारा गेला, रेशीम राहिले.

पुढे, बहुधा क्रुसेडला गेलेल्या सरदारांबरोबर, ते उत्तर फ्रान्समधल्या एका मठात पोचले. हा मठ संत जॉसचा. सातव्या शतकातला हा ब्रिटनीचा राजपुत्र. गादी चालून आली असता ती सोडून तो रानात एकांतात जाऊन राहिला. ११३४ साली त्याच्या अस्थी नव्याने गुंडाळायच्या होत्या, तेव्हा मठवासीयांनी हेच रेशीम घेतले. परक्या देशातले, परक्या धर्माच्या लोकांनी विणलेले. पण आपल्या संताला द्यावे असे उत्तम वस्त्र त्यांना तेच वाटले. त्यावरची अक्षरे त्यांना नुसती नक्षी वाटली असावीत. कुणाचे का असेना, चांगले काम त्यांनी ओळखले, याचे मला फार मोल वाटते.

संताच्या अस्थींभोवती होते म्हणून ते कापड जपले गेले. वैभव चिरकाळ टिकावे अशी ज्याच्यासाठी प्रार्थना झाली, त्याचे नाव वैभव टाकून गेलेल्याच्या आसऱ्याने तरले.

१९२२ पासून त्याचे तुकडे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. कधी पाहायला मिळाले तर हत्ती बघून पुढे सरकू नका. पायाखालची ओळही नीट बघा. तिच्यात सेनापतीचे नाव आहे, विणकराचे नाही. तेव्हा नमस्कार मात्र त्या विणकराला करा.