करुणेचे व्याकरण : बहिष्कृत, स्पर्श आणि ‘आपण’

ख्रिस्ती करुणेविषयी जे लेखन होते ते बहुधा करुणा करणाऱ्याविषयी असते. संत, मिशनरी, परिचारिका, संस्थापक हे त्या लेखनाचे नायक. ज्याच्यावर करुणा केली जाते तो त्यांच्या नायकत्वाची पार्श्वभूमी. ही केवळ चरित्रलेखनाच्या सोयीची बाब नाही. तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे : बहिष्कृताच्या जवळ जाणे आणि बहिष्कार संपवणे या दोन कृती एकच आहेत काय? पहिली घडूनही दुसरी घडली नाही, तर जे घडले त्याला ‘बरे करणे’ म्हणता येईल काय? कुष्ठरोग्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, आणि ख्रिस्ती परंपरेच्या मूळ संहितेतच त्याचा विचार करण्याची सामग्री आहे.

‘लेवीय’ या ग्रंथाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या विकाराचे नियम दिले आहेत तो सरळसरळ आजच्या वैद्यकाचा कुष्ठरोग नव्हे. तोच विकार वस्त्रांना आणि घराच्या भिंतींनाही जडतो, असे ती संहिता मानते. तेथे प्रश्न रोगापेक्षा अशुद्धतेचा आहे. म्हणूनच परीक्षा वैद्य करीत नाही, याजक करतो. आणि शुद्धीचा निर्णयही तोच देतो. अशुद्ध ठरलेल्याने वस्तीबाहेर एकटे राहावे आणि आपण अशुद्ध असल्याचे स्वतःच ओरडून सांगावे, असा दंडक आहे. या दंडकाने बहिष्कृताला मुके केलेले नाही. त्याला एकच वाक्य दिलेले आहे, आणि ते त्याच्याच विरुद्ध आहे. समाजाने केलेला निवाडा त्याने स्वतःच्या तोंडाने, प्रथमपुरुषी उच्चारायचा असतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी येणारी कुष्ठरोग्याची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तो मनुष्य येशूजवळ येतो तेव्हा ठरवून दिलेले वाक्य उच्चारीत नाही. तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस, अशा आशयाचे दुसरेच वाक्य बोलतो. त्याची मागणी ‘शुद्ध’ होण्याची आहे, म्हणजे परतण्याची आहे. येशू प्रथम हात पुढे करून स्पर्श करतो आणि मग बोलतो. येथे येणारे ग्रीक क्रियापद आतड्यांच्या वाचक शब्दापासून बनलेले आहे. मराठीत ‘आतडे तुटणे’ म्हणतात तोच हा देहनिष्ठ अनुभव होय. मात्र बेझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन हस्तलिखितात या ठिकाणी कळवळ्याऐवजी क्रोधाचा वाचक शब्द आहे. अवघड पाठ अधिक मूळचा, या पाठचिकित्सेच्या तत्त्वाने काही अभ्यासक हाच पाठ स्वीकारतात. कोणता पाठ मूळचा हा वाद बाजूला ठेवला तरी त्यातून एक शक्यता पुढे येते : बहिष्कृताविषयीचा कळवळा आणि बहिष्काराविषयीचा संताप ही एकाच भावनेची दोन मुखे असू शकतात. संतापाचा अंश नसलेली करुणा व्यवस्थेला धक्का न लावता तिच्या बळींची शुश्रूषा करीत राहते.

कथेचा उत्तरार्ध अधिक अर्थपूर्ण आहे. येशू त्या मनुष्याला याजकाकडे पाठवतो, कारण शरीर निवळले तरी प्रवेश देणारी संस्था वेगळी आहे. कोणाला काही सांगू नकोस, अशी ताकीदही देतो. तो मनुष्य ती मोडतो आणि घडलेले सर्वत्र सांगत सुटतो. परिणामी येशूलाच नगरात उघडपणे जाता येईनासे होते आणि त्याला बाहेर ओसाड जागी राहावे लागते. दोघांनी स्थानांची अदलाबदल केली आहे : बाहेरचा आत आला, आतला बाहेर गेला. पण त्याहून महत्त्वाचे असे की ज्याला एकच वाक्य दिलेले होते तो आता स्वतः कथन करणारा झाला, आणि त्याचे पहिले मुक्त कथन आपल्या उपकारकर्त्याच्याही आज्ञेबाहेरचे आहे. स्पर्श, प्रवेश आणि वाणी अशा तीन पायऱ्यांनी येथे ‘बरे होणे’ पूर्ण होते.

या तीन पायऱ्यांच्या कसोटीवर ख्रिस्ती परंपरेतील एक सुविख्यात उदाहरण तपासता येते. हवाई राज्यात १८६५ साली कुष्ठरोग्यांच्या विलगीकरणाचा कायदा झाला आणि १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरील एका दुर्गम द्वीपकल्पावर पाठवण्यात येऊ लागले. १८७३ साली फादर डेमियन हा बेल्जियन धर्मगुरू तेथे गेला. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये हान्सेनने या रोगाचा जंतू पाहिला, हा योगायोग लक्षणीय आहे. डेमियनने जखमा बांधल्या, घरे उभारली, कबरी खणल्या. पुढे त्यालाच रोग जडला आणि १८८९ साली तो वारला. प्रवचनात कुष्ठरोग्यांमध्ये स्वतःची गणना करणारे सर्वनाम आपण वापरतो, असे त्याने भावाला कळवले ते आगमनाच्याच वर्षी, रोग जडण्यापूर्वी सुमारे दशकभर आधी. ज्या हवाईयन भाषेत तो प्रवचन करी तिच्यात, मराठीप्रमाणेच, श्रोत्याला सामावणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ वेगळे असतात. डेमियनचे ‘आपण’ ही वस्तुस्थितीची नोंद नव्हती. तो एक नैतिक निर्णय होता.

तरीही या उदाहरणात एक उणीव राहते, आणि ती डेमियनच्या आचरणापेक्षा त्याच्याविषयीच्या कथनांत अधिक आहे. त्याच्या मृत्यूनंतर हाइड या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने त्याच्या चारित्र्यावर टीका केली. मोलोकाईला स्वतः जाऊन आलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९० साली तिला अनावृत पत्राने उत्तर दिले. हे पत्र वादलेखनाचा उत्तम नमुना आहे. परंतु आरोप आणि समर्थन या दोहोंचा विषय धर्मगुरूच आहे. रुग्ण साक्षीपुरते येतात. वस्तुतः डेमियन येण्याच्या सात वर्षे आधी, १८६६ सालीच, रुग्णांनी तेथे सिलोआमा नावाची आपली स्वतःची मंडळी स्थापन केली होती. रुग्णांबरोबर स्वेच्छेने तेथे जाऊन राहणाऱ्या निरोगी आप्तांसाठी ‘कोकुआ’ हा शब्द होता. हवाईयन लोक या रोगाला ताटातूट करणारा रोग म्हणत, आणि कोकुआ ती ताटातूट नाकारीत. त्यांच्यापैकी कोणी संत ठरले नाही. डेमियनला २००९ साली संतपद मिळाले.

कोओलाऊ आणि पीइलानी यांची कथा या दृष्टीने मननीय आहे. पत्नीला सोबत नेता येणार नाही असे कळल्यावर रोगग्रस्त कोओलाऊने मोलोकाईला जाण्याचे नाकारले. निरोगी पीइलानी पती व रोगग्रस्त मुलासह कालालाऊच्या दरीत गेली. १८९३ साली त्यांच्यावर सैन्य धाडण्यात आले. ते हाती लागले नाहीत. दोघांना आपल्या हातांनी पुरून ती एकटी परतली आणि १९०६ साली तिचे निवेदन हवाईयन भाषेत प्रसिद्ध झाले. जॅक लंडनने याच घटनेवर इंग्रजीत कथा लिहिली. तिच्यात कोओलाऊ एकाकी बंडखोर म्हणून मरतो. पीइलानीला तेथे स्थान नाही. करुणेचे कथन करणाऱ्याला एकाकी नायक हवा असतो, आणि त्यासाठी सोबत पुसली जाते.

यावर मराठी वाचकाच्या मनात एक मूलगामी आक्षेप उभा राहणे स्वाभाविक आहे. या भाषेत ‘स्पर्श’ हा शब्द निष्पाप नाही. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाने दयेची याचना केली नव्हती. माणूस म्हणून असलेला समान अधिकार बजावला होता. जेथे अधिकार हवा तेथे करुणा अपुरीच नव्हे तर अपमानकारकही ठरू शकते. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. मात्र तो ज्या करुणेला लागू होतो ती पहिल्याच पायरीवर थांबलेली करुणा होय. मार्कची कथा स्पर्शावर थांबत नाही; ती प्रवेश देणाऱ्या संस्थेपर्यंत जाते आणि बहिष्कृताच्या अनावर वाणीपाशी संपते. अधिकार हा करुणेचा पर्याय नसून तिच्या खरेपणाची कसोटी आहे.

ही कसोटी आजही संपलेली नाही. बहुविध औषधोपचारामुळे १९८० च्या दशकापासून कुष्ठरोग पूर्णपणे बरा होऊ शकतो. परंतु भारतातील १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ साली वगळण्यात आले. शरीर निवळल्यानंतरही याजकाचा निर्णय येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात शुश्रूषा करणारे हात नव्हते असे नाही. प्रवेशाचा शब्द नव्हता. निरोग्याने बहिष्कृताला ‘आपण’ म्हणणे ही करुणेची सुरुवात आहे. बहिष्कृताने निरोग्याला ‘आपण’ म्हणावे आणि ते ऐकताना निरोग्याने मागे सरू नये, तेव्हाच ती पूर्ण होते.