आधी त्यांना बोलू द्या

बाराव्या शतकात बसवकल्याणला अनुभवमंटप ही चर्चासभा भरत असे. महात्मा बसवेश्वर बिज्जळ राजाचे मंत्री; सत्ता आणि मान दोन्ही त्यांच्यापाशी. तरी मंटपातल्या शून्यसिंहासनावर, म्हणजे अध्यक्षाच्या जागी, त्यांनी मानाने बसवले ते अल्लमप्रभूंना. कपडे धुणारे माचिदेव, नाव वल्हवणारे चौडय्या, अक्कमहादेवी, सगळ्यांच्या बोलण्याला तिथे सारखे वजन होते.

स्वतःचा मान बाजूला ठेवून इतरांचे ऐकणारे असे नेतृत्व आरोग्य-संशोधनात मला गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, याच्या पलीकडे तेव्हा सरकारी योजना फारशा जात नव्हत्या. राणीताई बायकांमध्ये बसल्या, त्यांचे ऐकत राहिल्या. अंगावरून पांढरे जाते, पाळीत जीव नकोसा होतो, हे बायका कुणाला सांगणार होत्या? दोन गावांतल्या ६५० जणींची तपासणी झाली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या शंभरात फक्त ८. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले.

पुढे ३९ गावांत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्यामागे हे काम आहे. मला यात सर्वांत मोठे वाटते ते हे, की दोघेही शिकलेले डॉक्टर असून बाळाचा जीव वाचवण्याची विद्या त्यांनी गावातल्या बाईच्या हाती विश्वासाने सोपवली.

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तर ऐकण्याचे काम आणखी नाजूक. घरात मराठी, शेतात कन्नड, बाजारात दखनी. मूल होत नाही म्हणून सोसलेले टोमणे बाई सांगेल ती तिच्या घरच्या बोलीतच, आणि तेही ओळख पटल्यावर. हातात छापील कागद घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ती ‘सगळं बरं आहे’ एवढेच म्हणेल आणि कागदावर तेवढेच उतरेल.

बीदर-कलबुर्गीच्या कॉलेजांत समाजकार्य, नर्सिंग, वैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींनो, प्रश्नावली छापायला देण्याआधी गावात जाऊन बसा. काय विचारायला हवे, ते आधी तिथल्या बायकांना विचारा.