हॅनफर्डहून औंढ्याला

गुरुत्वीय लहरी 2015 मध्येच सापडल्या, मग हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 2,600 कोटी रुपये खर्चून त्या पुन्हा कशाला शोधायच्या, हा लायगो-इंडिया या वेधशाळेवरचा नेहमीचा आक्षेप. आइन्स्टाइनचे भाकीत त्यामुळे आणखी पक्के होईल, हे त्याला मिळणारे उत्तरही तितकेच चुकीचे. वेधशाळेला पुरावा समजण्याची गल्लत दोन्हीकडे आहे.

1916 चे भाकीत, पुढे खुद्द आइन्स्टाइनला आलेली शंका, लहरी पकडल्याचे वेबर या भौतिकशास्त्रज्ञाचे न टिकलेले दावे, हे सर्वपरिचित आहे. हल्स आणि टेलर यांना 1974 मध्ये सापडलेल्या जोडताऱ्याची कक्षा आक्रसत होती, तीही लहरींतून जाणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबाबरहुकूम. त्या शोधाला 1993 चे नोबेल मिळाले. लहरी आहेत एवढेच दाखवायचे असते, तर चार-चार किलोमीटर बाहूंची यंत्रे उभारण्याचे कारणच नव्हते. ती आहेत लहर कशाची, हे वाचण्यासाठी.

जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलसंस्थेतील संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह 1991 मध्ये गोंगाटात बुडालेला संकेत ओळखण्यावर पायाभूत काम केले. विलीन होणाऱ्या जोडीच्या लहरीचे गणिती नमुने आधीच तयार ठेवायचे आणि नोंदींशी ताडायचे. जुळलेला नमुना वस्तुमानही सांगतो. म्हणून पहिल्याच नोंदीतून सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे कळली.

खरे वळण मात्र यंत्राच्या जागेत आहे, आणि तिकडेच दुर्लक्ष होते. अमेरिकेतील सुधारित लायगोच्या मूळ आराखड्यात तीन यंत्रे होती: लिव्हिंग्स्टनला एक, हॅनफर्डला दोन. शेजारची यंत्रे एकमेकांची नोंद पडताळतात, संकेताची खात्री वाढते. पण लहर आली कुठून, हे त्यांना सांगता येत नाही. दिशा कळते ती दूरदूरच्या यंत्रांवर लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून. अमेरिकेतल्या दोन ठिकाणांमध्ये हा फरक फार तर 10 मिलिसेकंदांचा. भारतापर्यंतचा त्याच्या तिपटीहून अधिक. म्हणून हॅनफर्डचे दुसरे यंत्र परदेशी न्यायचे ठरले. ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये नकार दिला आणि ते भारताच्या वाट्याला आले. यंत्राची सामग्री अमेरिकेची, जागा आणि उभारणी भारताची. हे यंत्र दिशेसाठीच आहे, आणि त्याचा खर्च याच कसोटीवर तोलला पाहिजे.

दिशेचे मोल ऑगस्ट 2017 मध्ये दिसले. इटलीतील व्हर्गोच्या साथीने न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची जागा सुमारे 28 चौरस अंशांत आली, दुर्बिणींना 13 कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सापडली, आणि जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात याचा थेट वेध मिळाला.

भारताने तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 मध्ये दिली, अंतिम एप्रिल 2023 मध्ये. ही सात वर्षे हा प्रकल्पाचा सर्वांत मोठा खर्च आहे, कारण टकरीची लहर एकदाच येऊन जाते. एप्रिल 2019 मध्ये बहुधा अशाच दोन ताऱ्यांची लहर आली तेव्हा हॅनफर्ड बंद होते आणि व्हर्गोवरचा संकेत फार क्षीण होता. शोधाचा टापू 8,000 चौरस अंशांहून मोठा झाला. त्या टकरीचा प्रकाश कोणत्याच दुर्बिणीला सापडला नाही.